फेवर-लुबा: एक नाव, अनेक मालक

भारतातील अनेक घरांच्या कपाटात आजही एखादे जुने चावीचे घड्याळ जपून ठेवलेले आढळते. कोणाच्या आजोबांना ते लग्नात मिळालेले असते, तर कोणाच्या वडिलांनी नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून ते घेतलेले असते. यांपैकी बऱ्याच घड्याळांच्या तबकडीवर एक नाव दिसते, ते म्हणजे फेवर-लुबा. अशा घड्याळाला चावी दिली की ते पुष्कळदा पुन्हा टिकटिकू लागते. ते ज्यांनी तयार केले त्या स्विस कुटुंबाच्या हातून मात्र ही कंपनी केव्हाच निसटली. त्यानंतर हे नाव युरोपातील विविध मालकांकडून फिरत २०११ मध्ये टाटा समूहातील टायटन कंपनीकडे आले आणि २०२३ मध्ये इथॉस या दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ताब्यात गेले.

एखाद्या कंपनीचे नाव विकले जाते, तेव्हा नेमके काय विकले जाते? कारखाना, कारागीर, कौशल्य की केवळ ग्राहकांच्या मनातील आठवण? फेवर-लुबाचा इतिहास हा या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी उपयुक्त ठरणारा आहे. हे घड्याळ राजेमहाराजांसाठी कधीच नव्हते. स्विस घड्याळांच्या उतरंडीत त्याचे स्थान मध्यभागी होते, आणि मधल्या पायरीवर उभे असणाऱ्यांनाच काळाचे धक्के अधिक बसतात, हेही या इतिहासातून दिसून येते.

जूरा पर्वतातील प्रारंभ

या नावाची सुरुवात १७३७ पासून मोजली जाते. त्या वर्षीच्या एका नोंदीत ल लोक्ल या गावातील अब्राहम फाव्र यांचा उल्लेख घड्याळजी म्हणून येतो. ही नोंद आधार मानल्यास, १७३५ ची परंपरा सांगणाऱ्या ब्लाँपँ या नावानंतर फेवर-लुबा हे स्वित्झर्लंडमधील दुसरे सर्वांत जुने घड्याळाचे नाव ठरते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ल लोक्ल हे गाव ज्या न्यूशातेल प्रांतात वसले आहे, तो प्रांत त्या काळी स्वित्झर्लंडचा भाग नव्हता. १७०७ पासून त्यावर प्रशियाच्या राजाची सत्ता होती आणि स्विस राज्यसंघात तो १८१५ मध्ये सामील झाला. आज ज्याला आपण ‘स्विस घड्याळ’ म्हणतो, त्यातील काही परंपरा या अर्थाने त्या देशाच्या सध्याच्या स्वरूपाहूनही जुन्या आहेत.

जूरा पर्वतराजीत हिवाळा दीर्घ असतो. बर्फामुळे शेतीची कामे ठप्प होत आणि शेतकरी कुटुंबे घरी बसून घड्याळाचे सुटे भाग बनवीत. कोणी चाके कापत असे, कोणी काटे घडवीत असे, तर कोणी स्प्रिंगा तयार करीत असे. हे भाग एकत्र करून घड्याळ पूर्ण करणारा आणि त्यावर आपले नाव घालणारा कुशल घड्याळजी वेगळा असे. नाव एकाचे आणि श्रम अनेकांचे, ही या उद्योगाची रचना अगदी प्रारंभापासूनची आहे. ल लोक्ल आणि शेजारच्या ला शो-द-फाँ या दोन गावांची रचनाच घड्याळाच्या कामासाठी भरपूर उजेड मिळेल अशा पद्धतीने झाली. २००९ मध्ये युनेस्कोने या गावांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

फाव्र घराण्याच्या पुढील पिढ्यांनी हा व्यवसाय वाढवला. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री-ऑगस्ट फाव्र आणि व्यापारी ऑगस्ट लुबा यांची भागीदारी झाली आणि दोन आडनावांचे मिळून एक नाव तयार झाले. फ्रेंच उच्चाराप्रमाणे ते ‘फाव्र-लुबा’ असे होईल. भारतात मात्र इंग्रजी अक्षरांवरून त्याचे ‘फेवर-लुबा’ झाले आणि तेच रूढ राहिले.

१८६५: मुंबईत पहिले पाऊल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कंपनीची सूत्रे सांभाळणाऱ्या फ्रिट्झ फाव्र यांनी दूरच्या बाजारपेठांचा शोध सुरू केला. १८६५ मध्ये कंपनीने भारतात प्रवेश केला आणि त्यासाठी मुंबईची निवड केली. भारतात इतक्या लवकर आलेल्या मोजक्या स्विस घड्याळ कंपन्यांपैकी ही एक होती.

ती वेळ मोठी विलक्षण होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा अक्षरशः पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार गडगडला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. तथापि शहराची वाढ थांबली नाही. १८५३ मध्ये सुरू झालेली रेल्वे, नव्या कापड गिरण्या, गोदी, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे मुंबईचे जीवन घड्याळाच्या काट्यावर चालू लागले होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या मालाचा प्रवास कमी दिवसांचा झाला.

वेळेविषयीची ही नवी शिस्त साधी नव्हती. मुंबईची स्थानिक वेळ निराळी होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेप्रमाणे चालत असे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत स्थानिक वेळ पाळण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे टिकली. महापालिकेच्या कारभारात ती १९५५ पर्यंत होती. अशा शहरात खात्रीचे घड्याळ ही चैनीची वस्तू न राहता गरजेची वस्तू बनत गेली. त्या गरजेच्या बळावर फेवर-लुबाचे नाव मुंबईतून देशाच्या अन्य भागांत पोहोचले आणि पुढील शंभर वर्षांत ते इतके रुजले की, अनेकांना ती परदेशी कंपनी आहे याचा जणू विसरच पडला.

सुवर्णकाळ

विसाव्या शतकाच्या मध्यास खिशातील घड्याळ मागे पडून मनगटी घड्याळ सर्वमान्य झाले होते. १९५० च्या दशकात फेवर-लुबाने स्वतःच्या यंत्रणा विकसित करण्यावर भर दिला. घड्याळ उद्योगात हा एक महत्त्वाचा भेद मानला जातो. बहुसंख्य कंपन्या तयार यंत्रणा विकत घेऊन आपल्या पेटीत बसवतात. स्वतःची यंत्रणा रचणे आणि तयार करणे याला मोठे भांडवल व अनुभवी कारागीर लागतात. सी चीफ, सी किंग आणि डेमॅटिक ही त्या काळातील नावे भारतातील जुन्या घड्याळजींना आजही तोंडपाठ आहेत.

१९६२ च्या सुमारास कंपनीने दोन कमानींची यंत्रणा आणली. चावीच्या घड्याळातील सर्व शक्ती गुंडाळलेल्या कमानीत साठवलेली असते. कमान उलगडत जाते तसा तिचा जोर कमी होतो आणि घड्याळाच्या गतीत फरक पडू लागतो. एका जाड कमानीऐवजी दोन लहान कमानी वापरल्यास शक्ती अधिक समान प्रमाणात मिळते आणि घड्याळाची जाडीही कमी ठेवता येते. फेवर-लुबाच्या या यंत्रणेची जाडी तीन मिलिमीटरहूनही कमी होती. सर्वसामान्य पगारदाराला परवडू शकणाऱ्या घड्याळात एवढी बारीक कारागिरी असणे ही त्या काळी कौतुकाची बाब होती.

त्याच वर्षी आलेल्या ‘बिव्हाक’ या घड्याळाने कंपनीला जगभर प्रसिद्धी दिली. हवेचा दाब आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे हे पहिले यांत्रिक मनगटी घड्याळ होय. त्यामागील तत्त्व सोपे आहे. घड्याळात हवा काढून घेतलेली, पातळ धातूची एक लहानशी डबी बसवलेली असते. उंचावर गेल्यावर बाहेरील हवेचा दाब कमी होतो आणि ही डबी किंचित फुगते. ती सूक्ष्म हालचाल तरफा व चाकांच्या साह्याने मोठी करून काट्यापर्यंत पोहोचवली जाते. तत्त्व सोपे असले, तरी ते मनगटावर मावेल एवढ्या जागेत बसवणे अत्यंत कठीण होते. इटलीचे विख्यात गिर्यारोहक वॉल्टर बोनाट्टी यांनी आल्प्समधील मोहिमांत हे घड्याळ वापरले. १९७५ मध्ये एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या महिला, जपानच्या जुन्को ताबेई यांच्याकडेही ते होते, असे कंपनीचा इतिहास सांगतो.

याच दशकात पुढे ‘बॅथी’ हे पाणबुड्यांसाठीचे घड्याळ आले. त्यात पाण्याच्या दाबावरून खोली दाखवण्याची सोय होती. मीटरमध्ये मोजणारे ‘बॅथी ५०’ आणि फुटांमध्ये मोजणारे ‘बॅथी १६०’ असे त्याचे दोन प्रकार होते. पर्वतापासून समुद्रतळापर्यंत उपयोगी पडणारी ही घड्याळे आज संग्राहकांच्या दृष्टीने दुर्मिळ ठरली आहेत.

भारतातील बदलती परिस्थिती

कंपनीचा हा बहराचा काळ असताना भारतातील परिस्थिती मात्र वेगाने बदलत होती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवणे हे सरकारचे महत्त्वाचे धोरण होते आणि त्यामुळे घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी घड्याळ मिळणे कठीण झाले आणि त्याची तस्करी हा एक मोठा धंदा बनला. साहजिकच परदेशी घड्याळाची प्रतिष्ठा आणखी वाढली. लग्नात जावयाला घड्याळ देण्याची प्रथा तोवर रूढ झाली होती, आणि ते घड्याळ स्विस बनावटीचे असले तर त्याची चर्चा नातेवाइकांत दीर्घकाळ होत असे.

देशी पर्याय निर्माण करण्यासाठी हिंदुस्तान मशीन टूल्स अर्थात एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार केला आणि १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’सारखी घड्याळे लाखो भारतीयांच्या मनगटावर आली. पुढे १९८४ मध्ये टाटा समूह आणि तामिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटनची स्थापना केली. होसूर येथील कारखान्यातून तयार झालेली टायटनची क्वार्ट्झ घड्याळे १९८७ मध्ये बाजारात आली. देखणी दुकाने, आकर्षक रचना आणि घड्याळ भेट देण्याच्या प्रथेवर आधारलेली जाहिरात यांच्या बळावर टायटनने अल्पावधीत बाजारपेठ काबीज केली.

अशा रीतीने, ज्या देशात फेवर-लुबा घराघरांत पोहोचले होते, त्या देशात नवे स्विस घड्याळ सहजासहजी मिळेनासे झाले आणि देशी पर्याय मात्र समर्थ होत गेले. लोकांच्या मनात नाव राहिले. दुकानात मात्र घड्याळ नव्हते.

क्वार्ट्झचे वादळ

खरा आघात भारताबाहेर झाला. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो. या कंपनांची मोजणी करून चालणारे घड्याळ कोणत्याही चावीच्या घड्याळापेक्षा अचूक असते. सुरुवातीला अतिशय महाग असलेले हे तंत्र काही वर्षांतच इतके स्वस्त झाले की, शेकडो वर्षांच्या यांत्रिक कौशल्याची किंमत बाजाराच्या दृष्टीने जवळजवळ शून्य झाली.

स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास जवळपास ९० हजार लोक काम करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या घटून ३० ते ३५ हजारांच्या घरात आली. याच सुमारास स्विस चलन महाग झाल्याने निर्यातीलाही फटका बसला. जूरा पर्वतातील अनेक कारखाने बंद पडले, अवजारे भंगाराच्या भावाने विकली गेली आणि कारागिरांनी दुसरे व्यवसाय पत्करले.

या संकटात सर्व कंपन्यांची स्थिती सारखी नव्हती. अतिमहाग घड्याळे विकणाऱ्या कंपन्यांचे ग्राहक थोडे, परंतु निष्ठावंत होते. अगदी स्वस्त घड्याळांच्या क्षेत्रात १९८३ मध्ये आलेल्या प्लॅस्टिकच्या ‘स्वॉच’ने नवा मार्ग शोधला. मधल्या किमतीच्या घड्याळांना मात्र आधार उरला नाही. अचूक वेळेसाठी जो ग्राहक त्यांच्याकडे येत असे, त्याला तीच गोष्ट आता कमी पैशांत मिळू लागली होती. फेवर-लुबाचा समावेश याच गटात होत होता. सुमारे आठ पिढ्यांनंतर, १९८० च्या दशकात, फाव्र कुटुंबाला कंपनी विकावी लागली.

नाव विकले जाते म्हणजे काय?

त्यानंतरच्या सुमारे पाव शतकात फेवर-लुबाचे मालक अनेक वेळा बदलले. बेनेडॉम ही कंपनी आणि पुढे फ्रान्सचा एलव्हीएमएच समूह यांची नावे या मालकांमध्ये घेतली जातात. या काळात अधूनमधून घड्याळे बाजारात येत राहिली, परंतु पूर्वीची स्वतंत्र यंत्रणा आणि संशोधन मागे पडले.

अशा व्यवहारांत खरेदीदाराच्या हाती प्रामुख्याने तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्ह, म्हणजेच ते नाव व बोधचिन्ह वापरण्याचा कायदेशीर हक्क. दुसरी म्हणजे जुनी रेखाटने, नमुने आणि कागदपत्रे, जर ती जपली गेली असतील तर. तिसरी गोष्ट करारपत्रात लिहिता येत नाही, पण किंमत तिच्यामुळेच ठरते. ती म्हणजे लोकांच्या स्मृतीत असलेली त्या नावाची पत. कारागीर मात्र करारात हस्तांतरित होत नाहीत. एकदा विखुरलेले कौशल्य पुन्हा गोळा करायला नवी पिढी घडवावी लागते.

ब्लाँपँचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी ज्याँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी ते निद्रिस्त नाव सुमारे २२ हजार स्विस फ्रँकला विकत घेतले. आम्ही कधीही क्वार्ट्झ घड्याळ बनवणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी केवळ यांत्रिक घड्याळे विकली. १९९२ मध्ये आजच्या स्वॉच समूहाच्या पूर्वसुरी कंपनीने ते नाव सुमारे ६ कोटी फ्रँकला घेतले. या यशामुळे जुन्या नावांना मोल आहे, हे संपूर्ण उद्योगाच्या लक्षात आले. तथापि बिव्हर यांच्यासोबत पिगे यांचा यंत्रणा बनवणारा कारखाना होता, याकडे अनेकदा दुर्लक्ष केले जाते. नावामागे हात होते, म्हणून ते नाव चालले.

टायटनचा प्रयोग

नोव्हेंबर २०११ मध्ये टायटनने फेवर-लुबा हे नाव २० लाख युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १४ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. २००० मध्ये टेटली चहा आणि २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश नावे टाटा समूहाकडे आली होती. त्या मानाने हा व्यवहार लहान होता, परंतु त्याचे भावनिक मूल्य मोठे होते. ज्या स्विस घड्याळाकडे एकेकाळी भारतीय मध्यमवर्ग आशेने पाहत असे, त्याचा मालक आता एक भारतीय कंपनी होती.

टायटनने घाई केली नाही. घड्याळे स्वित्झर्लंडमध्येच तयार व्हावीत, असे धोरण ठेवण्यात आले. त्यामागे कायद्याचीही बाजू आहे. घड्याळावर ‘स्विस मेड’ असे लिहायचे असेल, तर त्याची यंत्रणा स्विस असणे, ती तेथेच घड्याळात बसवली जाणे आणि अंतिम तपासणीही तेथेच होणे आवश्यक असते. २०१७ पासून हा नियम अधिक कडक झाला असून, घड्याळाच्या उत्पादन खर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये होणे बंधनकारक आहे. मालक कोणत्याही देशाचा असू शकतो. घड्याळाचा जन्म मात्र तेथेच व्हावा लागतो.

२०१६ मध्ये नव्या घड्याळांसह फेवर-लुबा बाजारात परतले. २०१७ मध्ये ‘बिव्हाक ९०००’ हे घड्याळ सादर झाले. नावाप्रमाणे ते ९००० मीटरपर्यंतची उंची दाखवू शकत होते, म्हणजे एव्हरेस्टच्या ८,८४९ मीटर उंचीच्याही वर. पुढील वर्षी १२० मीटर खोलीपर्यंत मोजणारे आणि गाठलेली कमाल खोली नोंदवून ठेवणारे ‘बॅथी’ आले. तांत्रिकदृष्ट्या ही घड्याळे उल्लेखनीय होती आणि जाणकारांनी त्यांचे कौतुक केले.

विक्रीच्या बाबतीत मात्र अपेक्षित यश मिळाले नाही. याची काही कारणे स्पष्ट दिसतात. ‘बिव्हाक ९०००’ची पेटी ४८ मिलिमीटर व्यासाची होती. घरातील नाजूक, पातळ सी किंग आठवणाऱ्या भारतीय ग्राहकाला हे अवजड साहसी घड्याळ आपले वाटणे कठीण होते. दुसरीकडे, युरोप व अमेरिकेतील ज्या तरुण ग्राहकांसाठी ते होते, त्यांना हे नाव परिचित नव्हते. स्मृती एका ठिकाणी होती आणि माल दुसऱ्यासाठी होता. त्यातच २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. टायटनने या व्यवसायाचा पसारा आवरता घेतला आणि त्यातील गुंतवणुकीचे घटलेले मूल्य हिशेबात दाखवले.

पुन्हा एक भारतीय मालक

२०२३ मध्ये हे नाव सिल्व्हरसिटी ब्रँड्स या स्विस कंपनीकडे गेले. ही कंपनी भारतातील इथॉस लिमिटेडच्या समूहातील आहे. इथॉसचे पहिले दुकान २००३ मध्ये चंदीगड येथे सुरू झाले होते आणि आज ती देशातील महागड्या घड्याळांची प्रमुख विक्रेती मानली जाते. इथॉसच्या मागे उभी असलेली केडीडीएल ही कंपनी घड्याळांच्या तबकड्या आणि काटे बनवते. हिमाचल प्रदेशातील परवानू येथे १९८० च्या दशकात तिने हे काम सुरू केले. स्वित्झर्लंडमधील अनेक कंपन्या तिच्या ग्राहक आहेत आणि ग्रेंखेन या स्विस गावात काटे बनवणारा एक कारखानाही तिच्या मालकीचा आहे.

टायटन आणि इथॉस यांच्यातील फरक येथे ध्यानात येतो. टायटनकडे भारतीय बाजारपेठेचे प्रचंड ज्ञान होते, तर नव्या मालकांकडे स्विस कारखान्यांशी अनेक वर्षांचा रोजचा व्यवहार आणि महाग घड्याळे विकण्याचा अनुभव आहे. युलिस नार्डिन या स्विस कंपनीचे माजी प्रमुख पॅट्रिक हॉफमन यांच्याकडे या प्रकल्पाची धुरा सोपवण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हा येथील घड्याळ सप्ताहात ‘चीफ’, ‘डीप ब्लू’ आणि ‘सी स्काय’ या मालिका सादर झाल्या. ही तिन्ही नावे जुन्या संग्रहाशी नाते सांगणारी असून घड्याळांचे आकारही टायटनच्या काळापेक्षा आटोपशीर आहेत.

या नव्या घड्याळांपैकी काहींमध्ये ला जू-पेरे या स्विस कारखान्याच्या यंत्रणा वापरण्यात आल्या आहेत. हा कारखाना २०१२ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मालकीचा आहे. म्हणजे ज्या सिटिझनने १९६१ मध्ये एचएमटीला घड्याळ बनवण्यास शिकवले, तिच्याच मालकीच्या स्विस कारखान्यातील यंत्रणा आज भारतीय मालकीच्या स्विस घड्याळात धडधडत आहे. घड्याळाचे राष्ट्रीयत्व ठरवणे किती अवघड झाले आहे, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. दरम्यान, भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या संघटनेत झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार असल्याने भारतातील त्यांच्या किमतींवर परिणाम होईल, अशी अपेक्षा आहे.

जुन्या घड्याळांचे काय?

मालक बदलले तरी जुनी घड्याळे आहेत तेथेच आहेत, आणि त्यांचा स्वतंत्र बाजार आहे. येथे सर्वसामान्य वाचकाने सावध राहणे आवश्यक आहे. इंटरनेटवर अत्यल्प किमतीत विकली जाणारी अनेक जुनी फेवर-लुबा घड्याळे मूळ स्वरूपातील नसतात. जुन्या पेट्या व यंत्रणा गोळा करून, तबकडी नव्याने रंगवून आणि हाताशी असलेले काटे बसवून ती तयार केली जातात. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ या नावाने ओळखतात. मुंबईच्या नावाला हा लौकिक भूषणावह नाही. पण त्यामागे एक कारण आहे. या शहरात शतकभर आलेल्या स्विस घड्याळांचे सुटे भाग आणि ते जोडू शकणारे कुशल हात, दोन्ही विपुल होते.

रंगवलेली तबकडी ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. अक्षरांच्या कडा जाड किंवा असमान असतात. तासांच्या रेषा आणि काटे नेमके जुळत नाहीत. भडक निळा, लाल वा केशरी रंग आणि कोणत्याही जुन्या जाहिरातीत न आढळणारी रचना दिसली, तर शंका घ्यावी. घड्याळ उघडल्यावर यंत्रणेवर आणि झाकणाच्या आतील बाजूस कंपनीचे नाव कोरलेले आहे की नाही, हे जाणकार घड्याळजीकडून तपासून घ्यावे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीवर थोडे डाग वा पिवळेपणा असणे स्वाभाविक आहे, आणि संग्राहकांच्या दृष्टीने तो दोष न ठरता अस्सलपणाची खूण ठरतो. घरातील जुने घड्याळ दुरुस्तीस देताना तबकडी ‘नवी करून’ घेण्याचा मोह टाळावा, असा सल्ला म्हणूनच दिला जातो.

जुन्या घड्याळाच्या दुरुस्तीसाठी आज नव्या मालकांपेक्षा जुन्या घड्याळजींवरच अवलंबून राहावे लागते. एकदा बंद झालेल्या यंत्रणांचे सुटे भाग कारखान्यात तयार होत नाहीत. ते दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढावे लागतात. गावोगावच्या बाजारपेठेत, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या या कारागिरांची संख्या वर्षागणिक घटत आहे. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा यांत्रिक घड्याळाचे काम शिकण्याचे आणखी एक ठिकाण देशातून गेले. जूरा पर्वतात १९७० च्या दशकात जे घडले, तेच लहान प्रमाणात आपल्याकडेही घडत आहे.

नावाची कसोटी

फेवर-लुबाच्या इतिहासातून दोन गोष्टी प्रकर्षाने पुढे येतात. पहिली म्हणजे मालक गेल्याने नाव मरत नाही. लोकांनी एखादी वस्तू मनापासून वापरली असेल, तर तिचे नाव कारखाना बंद पडल्यावरही दीर्घकाळ तग धरते. आणि भारताने हे नाव जपले नसते, तर दोन भारतीय कंपन्यांना ते विकत घ्यावेसे वाटले असते का, याविषयी शंकाच आहे. दुसरी गोष्ट अशी की, केवळ नावावर घड्याळ चालत नाही. १९६२ मधील घड्याळ आजही चालते, ते त्या वेळच्या कारागिरांनी त्यात ओतलेल्या कौशल्यामुळे.

नव्या मालकांनी तयार केलेली घड्याळे साठ वर्षांनंतर कोणाच्या कपाटात जपून ठेवलेली असतील काय आणि चावी दिल्यावर ती चालू होतील काय, यावरच या नावाचे पुढील भवितव्य ठरेल. तोपर्यंत घरातील जुने फेवर-लुबा अधूनमधून बाहेर काढून त्याला चावी द्यावी आणि चार-पाच वर्षांतून एकदा ते विश्वासू घड्याळजीकडून साफ करून तेलपाणी करून घ्यावे. त्या घड्याळाचा खरा मालक ते सांभाळणारा आहे.